ठिपका जागेवर राहत नाही

४ जून
स्कूटर दिली. मेव्हण्याला. तो म्हणाला, भाऊजी, पुन्हा विचार करा, ताईला कामावर कोण सोडणार? म्हटलं, जग कुठे चाललंय बघ. शहरभर हिरव्या सायकली उभ्या आहेत. फोन काढायचा, कोड स्कॅन करायचा, कुलूप उघडतं. हवं तिथे जायचं आणि हवं तिथे सोडून द्यायची. स्टँड नाही, पार्किंग नाही, पेट्रोल नाही. त्याने मान डोलावली आणि किल्ली खिशात घातली. त्याला पटलेलं दिसलं.

बायको डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. ऑफिसला जाताना मीच तिला सोडायचो. तिलाही फोनवर ॲप घालून दिलं, उगाच मन मोडायला नको म्हणून. पण तिला सायकल जमणं शक्य नाही. तोलच नाही. स्कूटरवर मागे बसतानासुद्धा रोज सांगावं लागायचं, घट्ट धर. तिची सोय सावकाश बघू.

ठराव : उद्यापासून रोज सायकलने ऑफिस.

५ जून
गेलो. पोचलो. मधे उतरून चालावं लागलं, पण तो चढाचा दोष. ऑफिसात हेल्मेट खुर्चीला अडकवलं. साहेबांनी विचारलं, हे काय? सविस्तर सांगायला घेतलं. त्यांना मीटिंग होती.

६ जून
गुडघे. शिवाय आजच्या सायकलची सीट वाकडी. कालची सायकल उत्तम होती. चांगली सायकल रोज हाताला लागेल याची खात्री नाही, हा या योजनेतला एकमेव दोष. मी बसने गेलो, पण डोक्यात विचार सायकलचाच होता.

९ जून, संध्याकाळी
उपाय सापडला. पहिल्या दिवशीची ती उत्तम सायकल बागेच्या भिंतीला टेकून उभी दिसली. हँडलवरच्या ओरखड्यावरून ओळखली. घरी आणली, जिन्याखाली पाण्याच्या पंपामागे उभी केली, ॲपमध्ये राइड रीतसर संपवली आणि वरून स्वतःची साखळी लावली. याला लपवणं म्हणता येणार नाही. लोक सायकली नाल्यात ढकलतात. मी एक वाचवली.

बायकोने साखळीची किल्ली कुठे ठेवली एवढंच विचारलं. म्हटलं, दारामागच्या खिळ्याला.

ठराव : उद्या वारा नसेल तर सुरुवात.

१२ जून
वारा. बसने गेलो. हेल्मेट बरोबर नेतो, कारण खुर्चीला दिसलं नाही तर लोक विचारतात. बसमध्ये हात मोकळा नव्हता म्हणून डोक्यावर घातलं. कंडक्टरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे.

बायकोची बस मात्र आज पुन्हा उशिरा आली. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर काउंटरवर दुसरं कोणीतरी बघावं लागेल. जेवताना हे सांगत होती तेव्हा ती ताटाकडेच बघत होती. नोकरी गेली तर तिला सहन होणार नाही. मला फार वाईट वाटलं. म्हणून जेवण झाल्यावर तिला वेळेचं नियोजन नीट समजावून सांगितलं.

मेव्हण्याच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. माझं चुकलं असं त्याला एकदा वाटलं की जन्मभर ऐकवेल.

१४ जून
बायकोचा गुडघा खरचटलाय. पायरी चुकली म्हणाली. तोल नाही, मी म्हणतो ते उगाच नाही.

१५ जून
लोकांना लाज उरलेली नाही. ॲपच्या नकाशात आमच्या बिल्डिंगवर हिरवा ठिपका दिसतो, म्हणून कोणीही आत शिरतं. आज एक बाई फोन समोर धरून जिना चढून आल्या आणि बेल वाजवून म्हणाल्या, सायकल इथेच दाखवतंय. म्हटलं, बाई, तिसऱ्या मजल्यावर सायकल कशी असेल, विचार करा. त्यांनी विचार केला आणि परत गेल्या.

लगेच खाली जाऊन सायकलवर जुनी चादर टाकली. वॉचमन म्हणाला, काय आहे ते? म्हटलं, सामान. तो म्हणाला, साहेब, सामानाला घंटी आहे.

२० जून
बायको आता रोज वेळेवर पोचते. डॉक्टरीणबाईंनी कौतुकसुद्धा केलं म्हणे. चार शब्द शांतपणे समजावले की माणूस बदलतो. मेव्हण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो हसला. आनंदाने असावं.

सायकलची सीट खाली आलीय. वर केली.

२३ जून
सीट पुन्हा खाली. स्क्रू ढिला. चाकांना चिखल लागलाय, तो मात्र शोभून दिसतो. वापरातली वाटते. पुसला नाही.

उद्या नक्की जाणार होतो, पण उद्या ऑफिसात पाहुणे आहेत. घामाघूम होऊन कसं जाणार?

२७ जून
दुपारी ऑफिसात सहज ॲप उघडलं तर आमच्या बिल्डिंगवर ठिपकाच नाही! शोधला, तर ठिपका भलतीकडे, बरोबर बायकोच्या दवाखान्याशेजारी. तिला फोन केला, बाहेर जाऊन बघ, आपली सायकल कोणी आणलीय का? ती म्हणाली, बाहेर एक सायकल आहे, पण साखळी लावून नीट उभी आहे, चोर एवढी काळजी घेतील का? मुद्दा बरोबर होता.

संध्याकाळी घरी आलो. सायकल पंपामागे, चादरीखाली, साखळीसकट. म्हणजे दोष उपग्रहाचा. कंपनीला कडक शब्दांत लिहिलं, तुमचा ठिपका जागेवर राहत नाही.

३० जून
कंपनीचं उत्तर. ठिपका बरोबर आहे म्हणे. उलट ही सायकल या भागात सर्वांत नियमित चालणारी आणि सर्वांत सुस्थितीत असलेली सायकल आहे, आभारी आहोत. उपग्रहाबद्दल चकार शब्द नाही. पण सुस्थितीचं श्रेय कोणाचं, हे न बोलता कळतं. पत्र बायकोला वाचून दाखवलं. तिला ठसका लागला.

१० जुलै
वाईट बातमी. योजना बंद होतेय. सायकली सापडत नाहीत, लोक जिन्याखाली, घरात दडवून ठेवतात, असं कंपनीचं म्हणणं. काय ही वृत्ती! अशांवर कारवाई व्हायला हवी.

पण कंपनीच्या मेसेजखाली एक ओळ आहे. प्रत्येक भागातल्या सर्वांत नियमित स्वाराला त्याची सायकल कायमची भेट. कार्यक्रम एकोणीस तारखेला, रविवारी, बागेत. विजेत्यांना फोन केलेले आहेत.

मला फोन आला नाही. सायलेंटवर असणार. ॲपमध्ये माझ्या नावावर जेमतेम दोन-तीन राइड दिसतात, पण ज्यांना ठिपका सांभाळता येत नाही त्यांना मोजता काय येणार? पत्र माझ्याकडे आहे. सर्वांत नियमित, सर्वांत सुस्थितीत.

मेव्हण्याला बोलावलंय. त्याने हे डोळ्यांनी बघायलाच हवं.

१८ जुलै
भाषण तयार. शेवटी घरच्यांच्या सहकार्याचा उल्लेख केलाय. बायकोने स्वतःचे ठेवणीतले कपडे इस्त्रीला टाकले. माझ्या सत्कारासाठी तिची ही धावपळ बघून भरून आलं. तिचं मन एवढं मोठं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

१९ जुलै, रविवार
पुढच्या रांगेत बसलो. हेल्मेट मांडीवर. कंपनीच्या माणसाने आमच्या भागाचं नाव घेतलं. म्हणाला, एकाच व्यक्तीने ही सायकल जीव लावून, रोज, उन्हापावसात चालवली. मी भाषणाचा कागद काढला.

मग त्याने नाव वाचलं. पूर्ण नाव. त्यात माझं नाव आलं, पण मधे. अलीकडे बायकोचं, पलीकडे आडनाव.

माझ्या नावाला मी उठलो होतो. आडनाव येईपर्यंत बायको माझ्या पुढून निघून स्टेजवर गेली होती. उभा होतोच, म्हणून टाळ्या वाजवल्या.

नंतर तिला विचारलं, तुला सायकल कधीपासून येते? मेव्हणाच म्हणाला, भाऊजी, ताई शाळेत असल्यापासून चालवते, मला मागे बसवून न्यायची. म्हटलं, हे मला कोणी सांगितलं नाही. बायको म्हणाली, कोणी विचारलंच नाही. रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

भाषणाचा कागद खिशातच राहिला. घरच्यांच्या सहकार्याची ओळ तेवढी खरी निघाली.

२० जुलै, सोमवार
सकाळी वाटलं, आज सायकलने जावंच. खिळ्याला किल्ली नाही. ती बायकोच्या पर्समध्ये असते आता. पंपामागे नुसती चादर, घडी घालून ठेवलेली.

बस चुकली. स्टॉपवर मेव्हणा भेटला, माझ्याच स्कूटरवर. म्हणाला, बसा, सोडतो. हेल्मेट होतंच. सिग्नलला मागून घंटी वाजली. बायको. सीट तिच्या उंचीला अगदी बरोबर होती. आम्ही वाट अडवली होती म्हणून वाजवली. बाजूला झालो. ती पुढे गेली, एका हाताने केस सारखे करत.

सिग्नल सुटला. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, घट्ट धरा.

धरलं.