हलकी गिटार

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कारखान्यातून निघालेल्या तिन्ही खोट्या गिटारी पोचल्या. रंग माझ्या खऱ्या गिटारीसारखाच लाल, वजन निम्मं. काल शेवटच्या गाण्यात ठरल्याप्रमाणे एक धाकट्याच्या डोक्यात घातली. तू आतून करवत फिरवलेली, त्यामुळे पहिल्याच फटक्यात तुकडे झाले आणि त्याला साधं टेंगूळही आलं नाही. लोकांनी आनंदानं खुर्च्या मोडल्या, एकाचं नाक फोडलं. माझ्या वाजवण्यावर एवढे कधी पेटले नव्हते, हे तुझ्या सुतारकामाचं यश.

धाकटा मात्र डोक्यावर बसलाय. मुलाखतीत म्हणाला, बँड ड्रमवर चालतो, गिटार कुणीही वाजवेल. मी कानाखाली दोन ठेवून दिल्या, त्यानं माझा ओठ फाडला. आता पुन्हा एका ताटात जेवतो, तेव्हा काळजी नसावी.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मधला

ता. १९ मार्च

चि. मधल्यास,
अनेक आशीर्वाद.

धाकट्याच्या उशाशी बसून लिहिते आहे. डाव्या कानामागे कवटी फुटलीय. सहा दिवस झाले, डोळे उघडलेले नाहीत. तिकडे तू कोठडीत. माझा जीव दोन्हीकडे टांगलेला आहे.

त्या रात्री लोकांनी मंचावर चढून तुझी खरी आणि माझी खोटी, दोन्ही गिटारी पळवल्या, त्यामुळे पोलिसांच्या हाती काही नाही. मी फौजदारांना लिहून दिलंय की चूक माझी. कामाच्या घाईत एका गिटारीला करवत फिरवायची राहिली असणार, तीच तुझ्या हाती आली. तूही हेच सांग, सुटशील. कारखान्याला टाळं लागलं तरी चालेल, मला दोघं भाऊ हवेत.

खात जा. जीव लावणारी,
ताई

ता. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वकिलाच्या हाती हे पाठवतो. तुझं काम चुकलं नव्हतं. माझं एकट्याचं गिटारवादन सुरू असताना धाकट्यानं मुद्दाम ताल तोडला आणि हसला. तळपायाची आग मस्तकात गेली. हलकी उचलायला मी वाकलोच नाही. गळ्यातली खरी काढली आणि दोन्ही हातांनी हाणली. तो नेहमीसारखा डोकं पुढे करून बसला होता. तो पडल्यावर आणखी एकदा हाणली.

तुझा कागद मागे घे. लोभ ठेव असं लिहायचं तोंड नाही.
मधला

ता. २५ मार्च

मधल्या,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. पत्र वाचून तुला उभा चिरावा असं वाटलं, आणि ते अजून वाटतंय.

धाकटा शुद्धीवर आला. डावा कान कायमचा गेला. फौजदारांना म्हणाला, ताईचा दोष नाही, दादाचाही नाही, गिटारींची अदलाबदल मीच चेष्टेत केली. ते गेल्यावर मी खरं विचारलं. तू गळ्यातला पट्टा काढताना त्यानं पाहिलं होतं. तरी डोकं पुढे केलं, कारण दादा खरीनं मारेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

फौजदारांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. सुटशील तेव्हा इथे ये, त्याच्या उजव्या बाजूला बस आणि मला लिहिलंस ते त्याला सांग.

ताई