नातीचा टीएसएच

३ तारीख, दुपारी १२
सकाळी नऊला लेकीला मुलगी झाली. मी आजोबा! ही गेल्यापासून आजीचं कामही माझ्याच गळ्यात. थायरॉइडची तपासणी जातीनं उरकली. सिस्टर म्हणे, टाचेतलं रक्त तिसऱ्या दिवशी घेतात. म्हटलं, बाई, शुभस्य शीघ्रम्. एकतीस वर्षं लॅबमध्ये टीएसएच मोजलाय, खायचं काम नाही. जुनं ओळखपत्र दाखवलं. कंटाळून तयार झाली. बाळ दोन तासांचं. तिनं टोचलं, मी मदतीला. लेक झोपलेली, उगाच कशाला उठवा?

४ तारीख
टीएसएच ४८! थायरॉइड कमी पडलं की हा चढतो, म्हणजे तिचं जन्मतःच कमी. वेळेत कळलं, कुणामुळे? लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं. कुणाचंच उत्तर नाही. धक्क्यात असतील.

संध्याकाळी ६
जावयांचा फोन. लेक सकाळपासून रडतेय म्हणे. धीर दिला की, जन्मभर रोज एक गोळी, बाकी काही नाही. फोन कट. रेंज गेली असावी.

५ तारीख
बालरोगतज्ज्ञानं (कालचं पोर!) सगळ्यांदेखत विचारलं, नमुना कधी घेतला? म्हणाला, जन्मल्यावर बाहेरची गार हवा लागली की बाळाचा टीएसएच अर्ध्या तासात उसळतो, दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो. म्हणून तर थांबतात. उद्या फेरतपासणी. मला माहीत होतंच. पण लॅबमध्ये माझ्यापुढे रक्ताच्या नळ्या यायच्या, नळीचं वय कोण विचारतं? विहीणबाई पुटपुटल्या, हात दाखवून अवलक्षण. कुणाला म्हणाल्या, कळलं नाही.

६ तारीख
मुद्दाम गेलो नाही. रिपोर्ट आला की मलाच विचारणार सगळे. फोन चार्जिंगला लावून शेजारी बसलो. एक फोन आला, गॅसवाल्याचा. त्याला नात झाल्याचं सांगितलं.

७ तारीख
संकल्प: आज नुसतं भेटायचं, ज्ञान पाजळायचं नाही. गेलो तर त्या खोलीत दुसरंच कुटुंब. आपली मंडळी सकाळीच घरी गेली म्हणे. गडबडीत मला कळवायचं राहिलं असेल.

८ तारीख
लॅबमधल्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं. टीएसएच ४. एकदम नॉर्मल. रिपोर्ट जावयांना कालच गेलाय.

लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, बाळ छान आहे, तुम्ही थोडे दिवस येऊ नका. थोडे म्हणजे किती, विचारलं. म्हणाली, कळवते.

बाळ छान आहे, देव पावला. पण फार रडू आलं. एव्हाना सगळ्यांनी तिला मांडीवर घेतलं असेल. मी फक्त तिचा पाय धरला, तोही टोचायला.