पायरीवरची पणती

मी, शिवणयंत्रे दुरुस्त करणारा, गल्लीत 'मशीनवाले' म्हणून ओळखला जाणारा, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर राजीखुशीने हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण ते कोणाला वाटून द्यायचे नाहीत.

१. दुकान, हत्यारे व गिऱ्हाइके थोरल्या मुलास. हात त्याचा चांगला आहे. मशीन उघडण्याआधी एकदा चालवून ऐकत जावे, एवढेच सांगणे.

२. बँकेतली ठेव थोरल्याच्या दोन्ही मुलींना, निम्मी निम्मी.

३. मेहुण्यांनी नेलेली शिडी त्यांनाच दिली असे समजावे. मागून मागून माझाच घसा बसला.

४. राहते घर, जिन्यासकट, धाकट्या सुनेस. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर म्हाताऱ्याला भूल पडली म्हणाल.

धाकटा मुलगा अपघातात गेला, त्या वर्षी दिवाळीला घरात दिवे लावायचे नाहीत असे ठरले. संध्याकाळी पाहतो तर धाकटी जिन्याच्या तुटक्या पायरीवर पणती ठेवते आहे. थोरली सून धावत आली.

"अगं, या वर्षी दिवा? आणि तोही तुझ्या हातानं? लोक काय म्हणतील?"

"वरच्या सिस्टर ड्यूटीवरून येतील, ताई. सगळी गल्ली उजळली की आपला जिना आणखीच काळा दिसतो. त्या पडल्या तर लोक काय म्हणतील, ते आधी बघते."

लक्ष्मीने घर ओळखावे म्हणून दिवे लावतात, असे जन्मभर ऐकले आणि हौसेने दर्शनी भिंतीवर माळा सोडल्या. येणाऱ्याला पायरी दिसावी, याहून मोठा अर्थ मला कोणी सांगितला नाही. हिने तर सांगितलाही नाही, वात पेटवून दाखवला. ऐन दुःखात दुसऱ्याचा पाय आठवणे, हे माझ्याच्याने झाले नसते. पायरी मी दुसऱ्याच दिवशी बांधून घेतली. पणती अजून तिथेच लागते.

५. थोरल्या, मशीनची कुरकुर रस्त्यावरून ओळखणारे कान आहेत माझे. पार्टिशनपलीकडचे बोलणे ऐकू येणारच. "बाबांच्या मागे हिला माहेरी पाठवू, खोल्या भाड्याने देऊ," असे तू म्हणालास. तू वाईट नाहीस, उतावळा आहेस. तिला कोणी कुठे पाठवू नये. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच. जावई समजून त्याचे आदरातिथ्य करावे.

६. मी गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीला दिवे लागलेच पाहिजेत, आणि पहिला धाकटीच्या हातून. कोणी नाक मुरडले तर हा कागद पुढे करावा. मेलेल्या माणसाशी कोणी हुज्जत घालत नाही.

स्थळ : राहते घर, तूर्त माझे.
दिनांक : दिवाळीआधीचा रविवार.

सही : मशीनवाले

साक्षीदार :
वरच्या मजल्यावरच्या सिस्टर (सही)
शेजारचे टेलरमास्तर (सही)

धाकटीची सही घेतलेली नाही. जिला मिळायचे तिची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. ती आत आम्हा सगळ्यांचा चहा करते आहे. तिला यातले काही ठाऊक नाही.