आईला सांगितलेली सोबतीण

४ मार्च
पोचले एकदाची! दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीवर जुना वायरचा फोन आणि समोरच्या इमारतीच्या बावीस खिडक्या. मोजल्या, दुसरं काम काय! नोकरी कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा. साता समुद्रापार येऊन मी परक्यांचे दात बसवणार, हे ऐकून बाबा पोट धरून हसले असते. आई मात्र फोनवर रडली. पोरगी एकटी, हा एकच घोषा. बाबा गेल्यापासून तिला माझ्याशिवाय आणि मला तिच्याशिवाय कोणी नाही. रोज संध्याकाळी बोलायचं ठरलं.

९ मार्च
कामावर अकरा जण. येताना मान हलवतात, जाताना मान हलवतात, मधले आठ तास कानात गाणी. आज दिवसभरात मी एकच वाक्य बोलले, तेही दुकानदाराशी, पिशवी नको म्हणून. घरी आल्यावर नुसतं कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून मोठ्याने पाढे म्हटले. एकोणिसाच्या पाढ्याला रडू आलं.

आईने विचारलं, जेवलीस का, कोणाबरोबर जेवलीस. तिच्या जिवाला घोर नको म्हणून थाप मारली की खोलीवर एक मुलगी राहायला आलीये, आपल्याकडचीच. आईचा जीव भांड्यात पडला. मलाही बरं वाटलं.

१७ मार्च
थाप अंगाशी येतेय. आईला सोबतिणीची सगळी माहिती हवी. मी तिला कुरळे केस दिले, कायमची सर्दी दिली, एक चिडका भाऊ दिला. कवळीत दात बसवावेत तसं एकेक बसवत गेले. आता आई आधी तिची चौकशी करते, मग माझी. स्वतःच घडवलेल्या बाईवर जळते मी, आहे की नाही गंमत!

२३ मार्च
आई म्हणाली, तू कामावर असताना फोन केला होता, तुझ्या सोबतिणीने उचलला. तासभर बोललो, किती लाघवी पोर आहे, सर्दीने बिचारीचा आवाज बसलाय.

मी हसले. फोन ठेवल्यावर सगळी कपाटं उघडून पाहिली. पलंगाखालीही. कोणी नव्हतं.

२६ मार्च
कामावरून आले तर रिसीव्हर कोमट होता. घरमालकीणबाईंना विचारलं, या खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, परवा तुझ्या मैत्रिणीने नाही का नेली?

२८ मार्च
आईला खरं सांगून टाकलं. सोबतीण नाही, कधीच नव्हती, मी खोटं बोलले. आई म्हणाली, ती बोललीच होती मला, तू हल्ली तिचा दुस्वास करतेस म्हणून. इतक्या तुटकपणे आई माझ्याशी आजवर बोलली नव्हती. फार एकटं वाटतंय.

३० मार्च
कामावर गेले नाही. फोनसमोर बसून आहे. वाजलाच नाही. मी लावला — एंगेज. पुन्हा एंगेज. आई तीन तास कोणाशी बोलतेय? इथला फोन तर माझ्या हातात —

२ एप्रिल
आज सकाळी लागला. आई, मी गं. ती म्हणाली, तू सोबतीण ना तिची? नाही म्हटलं, मी, तुझी — तिला ऐकूच येईना. आनंदाने रडत होती. लेक परत आलीये, आत्ता दारात उभी राहिली, आता कायमची इथेच. तूही घरी जा गं बाळा, म्हणाली, एकटी राहू नकोस.

मग कोणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. माझाच आवाज. म्हणाला, आईची काळजी करू नकोस, मी आहे ना.

अजून ठेवला नाहीये फोन. खांद्याशी धरून लिहितेय. आई पुन्हा फोनवर आलीये — विचारतेय, मग तू कोण? सांगते, आई. थांब. इथे लिहूनच ठेवते, म्हणजे निदान वहीत तरी —

माझं नाव