मावशींचं प्रशस्तिपत्रक

सोमवार, ११ नोव्हेंबर
आज बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशींचा सत्कार केला. दिवसभर बाबांचं सगळं त्याच करतात. बाबांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत, मीसुद्धा. पण मावशींचा आवाज आला की मान वर होते. अशा माणसाचं कौतुक व्हायला हवं, हे ऑफिसात मीच सगळ्यांना सांगतो. ‘उत्कृष्ट सेवा’ असं प्रशस्तिपत्रक छापून लॅमिनेट केलं. कौतुक पोकळ वाटू नये म्हणून खाली एक ओळ टाकली: ‘सुधारणेस वाव: बडबड कमी करावी.’

मावशींनी वाचलं. टेबलावर ठेवलं. बाबांना भरवलं, हात धुतले, चप्पल घातली आणि गेल्या. एक अवाक्षर नाही. म्हणजे सुधारणा लगेच सुरू!

मंगळवार, १२ नोव्हेंबर
मावशी आल्या नाहीत. भारावल्या असतील. मी रजा टाकली. अख्खं डिपार्टमेंट सांभाळतो, बाबा म्हणजे काय! टाइमटेबल फ्रिजवर लावलं.

दुपारी: सूप माझ्या शर्टावर. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. भूक नसेल.

संध्याकाळी: आंघोळ उरकली. बाबा जवळजवळ कोरडे, मी ओलाचिंब. उद्यापासून शिस्त.

बुधवार, १३ नोव्हेंबर
चादर बदलताना बाबा रडले. मी काहीच केलं नव्हतं, फक्त भराभर आवरत होतो.

ताईचा फोन. मावशी गप्पांच्या नादात त्यांना भरवतात, तूही बोल, म्हणाली. सोपं आहे. खुर्ची ओढून बसलो आणि तिमाही आढावा सांगितला. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसरा विषय सुचेना. वडिलांशी काय बोलायचं असतं, याची आजवर कधी गरजच पडली नव्हती.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
बाबा पाण्याशिवाय काही घेत नाहीत. असंच राहिलं तर ॲडमिट करावं लागेल, डॉक्टर म्हणाले. मी घाबरलेलो नाही. टाइमटेबलखाली हॉस्पिटलचा नंबर लिहिला तो शिस्तीचा भाग म्हणून.

मावशींना फोन केला, केवळ चौकशीसाठी. खालची ओळ काढून नवं प्रशस्तिपत्रक देतो म्हटलं. त्या म्हणाल्या, दुसरीकडे काम धरलंय, एका आजींकडे. मग विचारलं, “काका जेवले का, दादा?”

जेवले म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
सकाळी मावशींना परत फोन. खरं ते सांगितलं. चुकलो म्हटलं, या म्हटलं, रडलोसुद्धा. (हे वाक्य नंतर खोडायचं आहे.) बघते म्हणाल्या. येते म्हणाल्या नाहीत.

दुपारी सूपची वाटी घेऊन बाबांच्या उशाशी नुसता बसून राहिलो. टाइमटेबल नाही, भाषण नाही. अंगात त्राणच नव्हतं. बाबा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, नवीन दिसता. घरी कोण असतं तुमच्या?

म्हटलं, वडील.

“त्यांचं कोण करतं?”

म्हटलं, एक मावशी होत्या.

“मग त्यांना जपा,” बाबा म्हणाले. “मुलांना नाही जमत हे.”

आणि माझं काम जाऊ नये म्हणून असेल, त्यांनी एक चमचा सूप घेतलं.