ठेवणीतली बरणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

जुळलं! रक्तगट आणि बाकीचं काय काय ते, सगळं जुळलं. वहिनीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाळक्या गवताचा काढा गाळत होते. आधी रडली, मग म्हणाली, "घाई नाही हं वन्सं, नीट विचार करा." घाई नाही! दादाच्या दोन्ही किडन्या बसून आठ महिने झाले, आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घेतो, आणि म्हणे घाई नाही. वहिनीचा रक्तगट जुळत नाही, आई-बाबा राहिले नाहीत. उरलं कोण? मीच.

"बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. बघते काय बघते! भाजी आणायची होती का?

४ फेब्रुवारी

कशात लक्ष नाही. निघताना कुलूप लावलं का, म्हणून दोनदा जिना चढले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रात्यक्षिक परीक्षा सोळाला. विभागाच्या बाईंचं फर्मान — पॅरामीशियम भरपूर हवेत, मुलांना सगळं डोळ्यांनी दिसलं पाहिजे. बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बाई त्या बाईच!

काचपट्टीवर थेंब घेऊन बघितला. एक पेशी, चपलेच्या तळव्यासारखी, पण संसार पूर्ण! अंगभर बारीक लव. तीच वल्ह्यासारखी मारत पोहायचं, तिनंच जिवाणू तोंडाशी लोटायचे. खाल्लेलं बुडबुड्यात गुंडाळून आतल्या आत फिरवत पचवायचं, चोथा ठरल्या जागेतून बाहेर. नाक नाही, श्वास सगळ्या अंगानं. आणि बाहेरचं पाणी सारखं आत शिरतं, ते उपसायला दोन पिशव्या. एक पुढे, एक मागे. ही फुगते, ती रिकामी होते. घड्याळ लावून मोजलं — दर बारा सेकंदांनी. उपसा थांबला तर फुटून मरेल.

दादाला दिवसाला पाच कप पाणी. वहिनी मापून देते.

वीस वर्षं या पिशव्या बघतेय. आज बघवेना.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे गेले. पाय सुजलेले, तोंडात बर्फाचा खडा. तहान लागली की तेवढाच चघळतो. आणि बोलला काय? "तुझ्या न्हाणीघरातला नळ गळत होता, वॉशर बदललास का?" किडनीबद्दल चकार शब्द नाही! वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येईना. मी तासभर वॉशरवर बोलले.

असा राग आला परत येताना! मागत का नाही हा माणूस? मागितली असती तर निदान नाही म्हणता आलं असतं.

लिहूनच टाकते — मला भीती वाटते. एक काढून दिली आणि उरलेली बिघडली तर? मला कोण आहे? घरात एक मी आणि एक तो गळका नळ.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज मी पॅरामीशियमची कामाची बरणी मारली. स्वतःच्या हातांनी! दर मंगळवारी तिच्यात उकळून गार केलेलं पाणी घालते. शेजारीच मिठाच्या कडक द्रावणाची बाटली होती. ते अगदी पातळ करून थेंबभर दिलं की पिशव्यांचा वेग मंदावतो, मुलांना दाखवायला ठेवलेलं. मनातल्या मनात वहिनीशी भांडत होते, आणि उचलली ती बाटली, अर्धी ओतली. पट्टी लावून बघते तर सगळे आक्रसलेले, सुरकुतलेले. एकही हलेना.

बाईंनी पट्टी बघितली. "तुमच्याकडून? तुमच्याकडून हे?" मग, "आता परीक्षेचं काय?"

"ठेवणीतली आहे," मी म्हटलं.

मला काम शिकवणाऱ्या सरांचा नियम — एक बरणी कामाची, एक ठेवणीतली. वेळ येईपर्यंत ठेवणीतलीला हात लावायचा नाही. कपाटाच्या खालच्या खणातून काढली, थेंब बघितला. नुसती झुंबड! पाच बरण्यांत त्यांच्या वाढीचा गवताचा काढा भरून वाटून टाकली. रोज एकाचे दोन होतात, सोळापर्यंत पुरून उरतील.

नंतर स्टुलावर बसून राहिले. एवढा नियम पाळणारी मी, आणि पोटातल्या ठेवणीतल्यावर आठवडाभर बूड टेकून बसलेय. आणखी कसली वेळ यायची आहे?

११ फेब्रुवारी

सांगितलं दादाला. देते म्हटलं. "वेड लागलंय का तुला?" म्हणाला, आणि फोन वहिनीच्या हातात दिला. तिचंही तेच, वेड लागलंय का. शेवटी मीच दोघांना दटावलं.

आज पोटभर जेवले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा झाली. पॅरामीशियम गुणी निघाले, बाई हसल्या एकदाच्या! बाहेरून आलेले परीक्षक अमीबाची पट्टी बघत होते. "याला पिशवी एकच, नाही का? भागतं बिचाऱ्याचं?" "भागतं की सर," मी म्हटलं, "कुणी सांगितलंय त्याला दोन असतात म्हणून!" सगळे हसले.

उद्या माझी सोनोग्राफी. मग तारीख ठरेल. नळाचं वॉशर बदलून घेतलं, दादानं विचारलं तर सांगता येईल.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. बराच वेळ डावीकडे. पुन्हा पुन्हा डावीकडे. "याआधी कधी सोनोग्राफी केली नव्हती?" नव्हती. "तुम्हाला डावी किडनी नाहीये. जन्मापासूनच नसणार. उजवी मोठी झालीय, दोन्हींचं काम एकटी करतेय. तुम्हाला देता यायची नाही."

दादाला रडत रडत फोन केला. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "पाणी भरपूर पितेस ना गं? पीत जा."