रविवारपर्यंत दादाची पिकप

सोम., ३ नोव्हें.
ताडपत्री काढली. ऑगस्टमंदी दादा तापानं गेला, तेव्हापासून त्याची पिकप आंगणात उभीच. बॉनेट उघडलं तं आत उंदरानं धानाच्या तनसीचं घर बांधलेलं. चार वायरी कुरतडल्या. तनीस काढली, फेकली.

वैनी वांगे चिरता चिरता बोलली, "भाऊजी, रविवारपर्यंत चालू झाली तं ठीक. नाई तं सोमवारी भंगारवाल्याले देऊन टाकू." गाडी गेली की आमची तळ्याची मासोळी भंडाऱ्याच्या बाजारात न्यायची कायच्यावर? मग मी नागपूरले कंपनीत, वैनी अन् दादाची पोरगी सानगडीले, वैनीच्या माहेरी. घर बंद.

मी 'हव' म्हटलं.

मंगळ., ४
वायरी जोडल्या. बॅटरी पवनीले चार्जिंगले टाकली.

बुध., ५
सेल्फ फिरते, इंजिन उठत नाही. पवनीच्या लखन मिस्त्रीले फोन केला. दादाचा दोस्त. "डिझेलच्या नळीत एअर धरली असन, फिल्टर बदल अन् पंप मार." मारला. बोटं आखडून गेली. जेवताना भाताले डिझेलचा वास. जेवलो.

दादाच्या तेरवीलेबी रडलो नाही मी. लोक म्हणे, छाती मोठी हाय गड्याची. छाती-बिती काही नाही, बाप्पा. आतून सुन्न. दाताच्या डॉक्टरनं सुई देल्यावर गाल होते, तसं.

गुरू., ६
वैनी अन् पोरगी सकाळीच धान कापाले गेल्या. त्या गेल्यावर सेल्फ मारला. उठली! पण रेडिएटर खालून गळून राहिला. घरात डोंग्याचं, मासोळीच्या नावेचं, डांबर होतं. आमच्या आज्यापासून डोंग्याले भोक पडलं की डांबर. तेच गरम करून थापलं, वाळू देलं, पाणी भरलं. थेंब नाही. लय हुशार वाटलं.

धा मिनिटं इंजिन चाललं अन् डांबर पातळ होऊन खाली. सगळं पाणी आंगणात, काळं.

लखन फोनवर हासू हासू बेजार. "अबे, गाडी हाय का डोंगा?" मलेबी हासू आलं. मग तो म्हणाला, तुझ्या दादानंबी पहिल्या साली हेच केलतं. मी फोन ठेवला.

वैनी वावरातून घरी याच्या आधी आंगण धुतलं. चालू झालती हे सांगतलं नाही. कायले सांगू? बंदच पडली ना.

शुक्र., ७
रेडिएटर खोलला. चार बोल्ट, तीन निघाले, एक गंजून बसला. छन्नीनं तोडला. आंगठा फुटला. रगत पाहिलं, पट्टी बांधली. दुखलं तं बरं वाटलं.

शनि., ८
रेडिएटर पवनीवरून झाळून आणला. होज पाइप नवा. वैनी पोरीचे कपडे पिशवीत भरून राहिली. मी पाहिलं, तिनं पाहिलं.

रवि., ९
दुपारी सगळं बसवलं. चारच्या सुमारास गाडी आवाज न करता फाटकाबाहेर ढकलत नेली, मंग चालू केली, म्हटलं पहिले रस्त्यावर पाहू. तळ्याच्या पाळीपर्यंत नेली. गरमीचा काटा वर गेला नाही, पाणी गळलं नाही. परत आलो अन् वळणावर हॉर्न वाजवला. काहून वाजवला, माहीत नाही. हातच गेला.

आंगणात आलो तं वैनी दारात. हातात पाण्याचा तांब्या. बाजारातून येताना दादाचा हॉर्न वाजला की पाय धुवाले आणायची, तो.

काचेतून मले पाहिलं तिनं. मंग तांब्याकडं पाहिलं. तोंडावर काहीच नाही. पोरगी मागून पळत आली अन् तिच्या लुगड्याले धरून उभी राहिली.

मले लाज वाटली. दादाच्या जागेवर बसून मी काय करून राहिलो? चावीवर हात नेला.

"भाऊजी, बंद नोका करू."

नाही केली. ती तांब्या घेऊन तशीच उभी. मी बसून. तिच्या कमरेले खोचलेला फोन दोनदा वाजला, भंगारवाल्याचाच असन. तिनं पाहिलासुद्धा नाही. सानगडीची पिशवी दाराशी भरलेली. गाडी चालूच.

डिझेल किती उरलं ते पाहाले पाहिजे होतं. पाहिलं नाही.